शोध लोहाराचा, पैसा सरकारचा

माघ संपत आला, की बार्शीच्या शिवारात शाळू काढणीला येतो. आपल्याकडे पुष्कळ जण शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्यामुळे कडबा लांब मिळतो. कडब्याला मोल येते. पण उपटणाऱ्याचे काय? काळी जमीन वाळून दगड झालेली असते. वाकून वाकून कंबर धरते. तळहाताला फोड येतात. वर मजूर मिळत नाही ते वेगळेच.

समजा, आपल्या गावात एक लोहार आहे. त्याने हे हाल पाहिले. त्याच्या मनात आले, 'ताटे धरून उपटणारे एक हत्यार करावे.' विचार चांगला. पण पहिले हत्यार सहसा बरोबर जमत नाही. दात वाकतो. तो जाड करावा, तर हत्यार जड होते. हलके करावे, तर ताटे मोडतात. तिसऱ्या खेपेला कुठे जमू लागते, तोवर सुगी संपलेली असते. मग पुढच्या माघाची वाट पाहायची.

तोवर पैसा कोणी द्यायचा?

लोहार कर्ज काढील. पण कर्जाला व्याज असते. हत्यार चालो की न चालो, हप्ता चुकत नाही. प्रयोग फसला, तर भाता आणि ऐरण विकायची पाळी येते. बायकोच्या अंगावरचे डोरले जाते. म्हणून माणूस म्हणतो, "नको ती भानगड!" विचार मनातच राहतो. लोहाराचे नुकसान टळते, पण साऱ्या शिवाराचे होते. उपटणाऱ्याचे हात तसेच सोलत राहतात.

शोध लागला तर फायदा पुष्कळांचा होतो. फसला तर तोटा मात्र एकट्याचा. म्हणून शोधाच्या खर्चाचा काही भार सरकारने उचलावा, असा विचार पुढे आला.

सरकारी पैशाने शोध लावणे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. 1933 साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. पाऊस पडला की किती पाणी वाहून जाते, पाण्याबरोबर किती माती जाते, हे तिथे मोजले गेले. ती माती आणि ते पाणी शेतात कसे अडवावे, याचाही अभ्यास झाला. आपण जी मालदांडी ज्वारी पेरतो, तिचे 35-1 हे नामांकित वाण आपल्या मोहोळच्या सरकारी शेतावर निवडले गेले. ते वाण घरोघरी गेले.

पण हे काम सरकारी शेतावर सरकारी नोकरांनी केले. लहान कारखानदाराला, गावच्या कारागिराला सरकारने शोधासाठी पैसा द्यावा, ही पुढची गोष्ट.

अमेरिकेत 1982 साली यासाठी कायदा झाला. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला थोडा वाटा लहान उद्योगांसाठी काढून ठेवावा, असे ठरले. त्यांत शेतीखातेही आले. या कामाच्या तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीला थोडा पैसा आणि थोडे महिने. एवढ्यात विचारात दम आहे का, ते पाहायचे. दम असेल तर दुसरी पायरी. तिथे जास्त पैसा आणि सुमारे दोन वर्षे मिळतात. वस्तू नीट तयार करायची. तिसऱ्या पायरीला या योजनेचा पैसा नाही. आपल्या पायांवर उभे राहून बाजार गाठायचा.

आपण नवीन बियाणे एकदम दहा एकरांत पेरतो काय? नाही. आधी दोन वाफ्यांत पेरून पाहतो. हे तसेच आहे.

आपल्या देशातही अशा योजना निघाल्या. 2005 साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याने लहान उद्योगांच्या संशोधनासाठी योजना काढली. जैवतंत्रज्ञान म्हणजे सजीवांच्या ज्ञानातून उपयोगी वस्तू करणे. औषधे, लशी, जिवाणू खते, ही त्याची उदाहरणे. 2012 साली याच खात्याने एक वेगळी संस्था काढली. नव्या विचाराला 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदत, अशी तिची एक योजना आहे.

शेतीसाठी निराळी योजना 2018-19 साली सुरू झाली. राष्ट्रीय कृषी विकास योजनेचाच तो एक भाग. तिच्यात आरंभीच्या विचाराला 5 लाखांपर्यंत आणि उभ्या राहू लागलेल्या नोंदणीकृत उद्योगाला 25 लाखांपर्यंत मदत ठरवली गेली. अवजारे, साठवण, प्रक्रिया, पाण्याची बचत, शेतातल्या काडीकचऱ्याचा उपयोग, असे पुष्कळ विषय तिच्यात बसतात.

या पैशाला अनुदान म्हणतात. ते कर्ज नव्हे. मात्र ते फुकटही नव्हे. थोडा हिस्सा आपल्या पदरचा घालावा लागतो. पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो. पहिल्या हप्त्याचे काम आणि हिशेब दाखवावा, मग दुसरा हप्ता. प्रयोगाचा पैसा लग्नात खर्चला, तर ती लबाडी ठरते. पण इमानाने केलेला प्रयोग फसला, तर तो गुन्हा नाही. काय फसले आणि का फसले, हे मात्र लिहून द्यावे लागते.

अशा नव्या उद्योगांना सांभाळणारी केंद्रे असतात. त्यांना इनक्युबेटर म्हणतात. कोंबडी अंडी उबवते ना, तसे हे उबवण केंद्र. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत ते असते. तिथे यंत्रे वापरायला मिळतात, जाणकार भेटतात, अर्ज कसा करावा ते सांगतात.

अर्जात चार गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्या लागतात. अडचण कोणती? ती किती जणांची आहे? तुमचा उपाय काय? तो चालतो हे कसे दाखवणार?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "माझे हत्यार फार छान आहे," एवढे सांगून भागत नाही. लोहाराने एका शेतात सारख्या दोन पट्ट्या आखाव्या. एक हाताने उपटावी, दुसरी हत्याराने. दोन्हींना किती वेळ लागला, किती ताटे मोडली, किती कणसे गळली, ते वहीत लिहावे. तारीख घालावी. दुसऱ्याच्या शेतातही हेच करावे. अशी वही म्हणजे शोधाचा साक्षीदार.

आता एक सावधगिरी. हत्यार नवीन असेल, तर ते जत्रेत मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करावा. पेटंट म्हणजे शोधावरचा हक्क. तो 20 वर्षांपर्यंत चालतो. आधीच सर्वांना दाखवले, तर पुढे हक्क मिळणे कठीण होते. पिकाच्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी 2001 सालचा वेगळा कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्यालाही आपले वाण नोंदवता येते. आपल्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांचे सोनेरी सीताफळ असेच नोंदले गेले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट मात्र मनाला लागते. नांदेड नावाच्या लहान गावचे ते शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 साली आपल्या धानात त्यांना निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून त्यांनी वर्षानुवर्षे पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचे एचएमटी धान निघाले. ते दूरदूर पसरले. त्यांना मानसन्मान मिळाला, पण शोधाच्या मानाने पैसा मिळाला नाही. 2018 साली ते वारले, तेव्हाही घरची ओढाताण सरली नव्हती. शोध लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर नोंदवणे.

तुमच्या मनात असा विचार असेल, तर काय कराल? आधी तो वहीत लिहा. मग मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला भेटा. कोणती योजना चालू आहे, तिचे नियम काय, ते विचारून घ्या. "अनुदान मिळवून देतो, आधी पैसे द्या," असे कोणी म्हणाला, तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. आणि करारावर सही करण्याआधी तो ओळ न् ओळ वाचा. काल आपण अंगठा उठवत होतो. आज वाचता येते. त्या वाचण्याचा उपयोग इथे आहे.

लोहाराजवळ हात आहेत, डोके आहे. आता वहीही आहे. पुढच्या माघात शाळू पुन्हा काढणीला येईल. तोवर पहिली पट्टी कुठे आखायची, ते त्याने आजच ठरवावे.