उन्हाळा आणि कुत्र्याचा फेरफटका

वैशाखांतल्या दुपारीं बाहेर पडणारा गृहस्थ पायांत वहाणा चढवितो, डोक्यावर छत्री धरतो; त्याच्या मागून निघालेला कुत्रा मात्र अंगावरची लोकरी बंडी न उतरवितां अनवाणीच चालूं लागतो. धनी चालत आहे तोंवर तोही चालतो, आणि उन्हाळ्यांत ही निष्ठाच त्याच्या जिवावर बेतते.

मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो व तो वाळतांना शरीरांतील उष्णता घेऊन जातो. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः तळव्यांच्या गाद्यांना, तोही नाममात्र. त्याची सारी भिस्त धापेवर. एरवीं मिनिटास वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा तापला म्हणजे ३०० हून अधिक श्वास घेऊं लागतो. जीभ व नाक यांच्या ओल्या अस्तरावरून वारा वाहतो, ओलाव्याची वाफ होते आणि रक्त निवतें. पण हवाच दमट असली, तर वाफ व्हावी कशी? म्हणूनच नागपूरच्या ४३ अंशांच्या उन्हाला भिणाऱ्यानें मुंबईच्या ३४ अंशांच्या चिकट हवेवरही विश्वासूं नये. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत तर वाऱ्याची वाटच अरुंद असते. हें व्यंग माणसाच्या हौसेनें त्यांस दिलेलें आहे. निदान उन्हांत चालविण्याची हौस तरी आवरावी. घट्ट मुसकें बांधणें म्हणजे धापेचा मार्गच बंद करणें होय.

बंद मोटारींत कोंडलेला कुत्रा दगावतो, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ब्रिटनमध्यें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उष्णतेनें आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कुत्र्यांना बाधा झाली होती ती चालण्याधांवण्यामुळें.

फेरफटक्याची वेळ बहुधा धन्याच्या कचेरीच्या घड्याळावर ठरते, आणि तेथेंच घोटाळा होतो. दुपारीं डांबर ६० अंशांपर्यंतही तापतें व सूर्य कलला तरी तें लवकर निवत नाहीं. सायंकाळची झुळूक माणसाच्या तोंडावर येते, कुत्र्याचें पोट त्या रस्त्यापासून वीतभर अंतरावर असतें. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात-आठ सेकंद टेकवून पाहावी. चटका सोसवेना तर परतावें. पहांटेची वेळ सर्वांत उत्तम. वस्तऱ्यानें केस उतरविण्याचा उपायही कित्येकदां उलटतो, कारण दाट लव उन्हालाही अडविते. मेलेले केस विंचरून काढले म्हणजे पुरे.

निरोगी कुत्र्याचें उष्णमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतें. तें ४१ च्या वर गेलें कीं मेंदू, मूत्रपिंडें व आंतडीं यांस इजा होऊं लागते. धाप थांबेना, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसूं लागल्या, पाय लटपटले, कीं क्षणही दवडूं नये. आधीं सावली व पाणी, मग दवाखाना, हा क्रम उलटा करूं नये. नळाचें असेल तें पाणी अंगावर भरपूर ओतावें व पंख्यानें वारा घालावा. ओला टॉवेल पांघरूण घालून ठेवूं नये. त्याखालीं उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडें पाणी पिऊं द्यावें, बळेंच घशांत ओतूं नये. पुढें कुत्रा उठून शेंपूट हालवूं लागला, तरी त्याच दिवशीं त्याला पशुवैद्यास दाखवावें. मूत्रपिंडांचा व रक्त गोठण्याचा बिघाड कधीं कधीं एक-दोन दिवसांनंतर उघड होतो.