माल तयार होण्याआधी विकता येतो का? ३९ पुस्तकांच्या एका सीझनची गोष्ट

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण खेळत्या भांडवलावर बोललो. त्यात फँटाग्राफिक्सचं नाव निघालं होतं. त्यांची गोष्ट आज सविस्तर सांगतो.

फँटाग्राफिक्स ही अमेरिकेतल्या सिएटलची प्रकाशन संस्था, सुरुवात १९७६ सालची. काम काय, तर ग्राफिक नॉव्हेल आणि कॉमिक्सच्या चित्रकलेची देखणी पुस्तकं काढणं.

आधी धंद्याचं गणित

तिकडचे प्रकाशक वर्षाचे सीझन पाडतात. येत्या सीझनमध्ये कोणती पुस्तकं येणार, पानं किती, किंमत काय, याचा कॅटलॉग काही महिने आधीच दुकानदारांकडे जातो. त्यावरून ते ऑर्डर देतात. पण ऑर्डर म्हणजे रोकड नव्हे! कागद, छपाई, पगार, हा सगळा पैसा आधी जातो आणि विक्रीचा पैसा नंतर येतो. शिवाय पुस्तकांच्या दुकानांना न खपलेला माल परत पाठवता येतो. त्यामुळे या सीझनच्या विक्रीवर पुढच्या सीझनची छपाई अवलंबून असते. तुमचं दिवाळीच्या मालाचं गणित यापेक्षा वेगळं आहे का?

एक माणूस गेला, १३ पुस्तकं थांबली

किम थॉम्पसन हे संस्थेचे सहप्रकाशक. युरोपातली कॉमिक्स निवडून इंग्रजीत आणायचं काम त्यांच्याकडे होतं. बरीच भाषांतरं ते स्वतःच करायचे. जून २०१३ मध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्यांच्या हातातली १३ पुस्तकं रद्द करावी लागली किंवा पुढे ढकलावी लागली. सीझनचा जवळजवळ एक तृतीयांश माल गेला. पण भाडं, पगार आणि छपाईची बिलं थोडीच थांबतात?

नोव्हेंबरमध्ये संस्थेने किकस्टार्टर या वेबसाइटवर २०१४ च्या वसंत-उन्हाळ्याचा ३९ पुस्तकांचा अख्खा सीझन मांडला. लक्ष्य होतं १,५०,००० डॉलर. तिथला नियम असा, की लक्ष्य गाठलं नाही तर एक डॉलरही हातात पडत नाही. मुदत संपली तेव्हा २,२०,००० डॉलरच्या वर रक्कम जमली होती.

इथे एक गोष्ट नीट बघा. अडचण त्यांनी लपवली नाही, पण नुसती देणगीही मागितली नाही. पैसे द्या, त्याबदल्यात येणारी पुस्तकं घ्या, असा रोखठोक व्यवहार ठेवला.

लोकांनी विश्वास का ठेवला?

कारण आधीचं काम. 'पीनट्स' ही चार्ल्स शुल्झ यांची ५० वर्षं चाललेली चित्रमालिका. ती पूर्ण छापायचं काम फँटाग्राफिक्सने २००४ मध्ये हातात घेतलं. एका खंडात दोन वर्षांची चित्रं, वर्षाला दोन खंड, असं करत २०१६ मध्ये २६ वा खंड काढून ते पूर्ण केलं. २०१३ च्या ग्राहकाला माहीत होतं, ही माणसं सांगतात ते पुस्तक देतात. ॲडव्हान्स मिळतो तो अशा नावावर.

आपल्याकडेही ही पद्धत आहेच. मराठी प्रकाशक मोठ्या ग्रंथांसाठी 'प्रकाशनपूर्व सवलत' देतात, ती हीच. मसाले, फराळ, ड्रेस, काहीही विकत असाल तरी हे जमू शकतं. फक्त ॲडव्हान्स म्हणजे नफा समजू नका. माल हातात पडेपर्यंत ते ग्राहकाचं तुमच्यावरचं कर्ज आहे. त्यातून गाडीचा हप्ता भरलात, की संपलं!

आता वही काढा

१. पुढच्या सीझनची यादी आजच लिहा: वस्तू, किंमत, तारीख.
२. प्रत्येक वस्तूसमोर पैसे कधी जाणार आणि कधी येणार, ते महिन्यासकट लिहा.
३. यादीत हमखास खपणारी एक तरी वस्तू हवीच. तिच्या जोरावर नवा प्रयोग करता येतो.
४. कोणतं काम फक्त एकाच माणसाला येतं? त्याच्या नावाखाली रेघ मारा आणि या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी ते शिकवायला घ्या.

चौथ्या ओळीत बऱ्याच जणांना स्वतःचंच नाव लिहावं लागेल. दुकानाला खरा धोका तिथेच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!