मीटरची लाइट लागत नाही? एलईडी विकण्याआधी हे तपासा

कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांना मी आधी मीटर लाइटचं काम शिकायला सांगतो. माल कमी लागतो, आणि जुन्या मारुती ८००, झेन, सँट्रो अजून गावोगावी फिरतायत.

ग्राहक म्हणतो, "रात्री स्पीड दिसत नाही, एलईडी टाकून द्या." लगेच मीटर खोलू नका. पार्किंग लाइट लावा आणि मागे जाऊन बघा. टेल लॅम्पही बंद असतील तर आधी फ्यूज. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही एकाच फ्यूजवर असतात. मागचं चालू आणि मीटर पूर्ण काळा, तर डिमरची चकती असल्यास फिरवा. हसू नका, कधीकधी कुणीतरी ती कमी करून ठेवलेली असते! फिरवताना लाइट लुकलुकली तर डिमरचा कॉन्टॅक्ट गेलाय. अर्धाच मीटर अंधारात असेल तर मात्र बहुधा बल्बच.

मीटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. केबलवाला स्पीडोमीटर असेल तर केबल मागून सोडवा, ओढू नका. एलईडीला प्लस-मायनस असतं, पेटली नाही तर उलटी करून बसवा. जुन्या डिमरवर ती नीट मंद होत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा. मूळ मीटरला हिरवा फिल्टर असेल तर लाल एलईडी लावून उजेड जेमतेम येणार. निळा रंग फोटोत भारी दिसतो, पण रात्री हायवेवर डोळ्यांना टोचतो. मी वॉर्म व्हाइट सुचवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीचं चिन्ह असलेल्या बल्बला हात लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून जाणारा करंट अल्टरनेटरला सुरुवात करून देतो. तिथे एलईडी लावली की करंट कमी पडतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. दोन दिवसांनी बॅटरी उतरली की ग्राहक तुमच्याच दारात. शोभेची लाइट विकून तुम्ही बॅटरीचं भांडण विकत घेतलं. त्यामुळे ऑइल, ब्रेक, चार्जिंग, हे इशाऱ्याचे बल्ब मी मूळ प्रकारचेच ठेवतो.

पैशांचं म्हणाल तर तपासणीचे १५० रुपये मी वेगळे घेतो, आधी सांगून. फ्यूजच निघाला तरी घेतो, कारण शोधायलाच वेळ लागतो. काम घेताना किलोमीटर रीडिंगचा आणि पेटलेल्या इशाऱ्यांचा फोटो ग्राहकासमोर काढा. मीटर बाहेर येणार असतो, शंका नको. गाडी परत देताना इंजिन चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की आकडा बिलावर लिहा आणि चावी द्या.