गवत कापायचं मशीन : घेताना आणि घेतल्यावर

पाऊस लागून महिना झाला की कोकणात घराभोवती काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गोठ्याकडे जायचं तर गुडघाभर गवत, विहिरीच्या वाटेला कंबरभर. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि फुरसं नेमकं तिथेच असतं. विळा घेऊन उकिडवं बसायचं, दिवसभर कापायचं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. कंबर आपली, गुडघे आपले.

आमच्या गटाने तीन पावसाळ्यांपूर्वी गवताचं मशीन घेतलं. कुणी ग्रास कटर म्हणतं, कुणी ब्रश कटर. पहिल्याच वर्षी आम्ही ते जाम करून बसलो, ते पुढे सांगतो. आधी घेण्याचं.

सिनेमात बंगल्यासमोर चाकांचं मशीन ढकलत नेतात ना, ते लॉन मोवर. १८३० साली इंग्लंडमध्ये एका माणसाने ते काढलं, कापड गिरणीतलं लव कातरायचं यंत्र पाहून. सपाट हिरवळीला ते छान. आपल्याकडे जांभा दगड, उतार, गडग्याची कड, माडाची मुळं. तिथे चाकं चालत नाहीत. आपल्याला लांब दांड्याचं, टोकाला पातं फिरणारं मशीनच लागतं.

आम्ही दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, चालवणार कोण? भाऊंना घेऊन या." आम्ही म्हटलं, चालवणार आम्ही. मग त्याने सगळ्यात मोठं मशीन पुढे केलं, ५२ सीसीचं, पाठीवर घ्यायचं. ताकद भरपूर, पण वजन सुमारे १० किलो, आणि पट्टा पुरुषाच्या खांद्याच्या मापाचा. आमच्यातल्या दोघींनी ते अडकवून पाहिलं, तर दांडा जमिनीला टेकायला लागला. शेवटी ३५ सीसीचं, खांद्याला लटकवायचं, ७ किलोच्या आसपासचं घेतलं. म्हणून आमचं सांगणं, पैसे मोजण्याआधी मशीन अंगावर घ्या. पट्टा बांधा, दहा मिनिटं दुकानात फिरा, सुरू करायची दोरी स्वतःच्या हाताने ओढून बघा. गटातल्या सगळ्यात बुटक्या बाईला सोबत न्या. आणि सुटे भाग जवळच्या तालुक्यात मिळतात का ते विचारा. स्वस्त म्हणून आणलेल्या मशीनचा भाग पावसाळ्यात मिळाला नाही तर ते पडवीत पडून राहतं.

अनुदानाचं दोन शब्दांत. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो, आणि महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा वाटा थोडा जास्त असतो. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर पैसे मिळत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. अडचण एकच, अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव किती जणींचं असतं? आमच्या बारा जणींत दोघींचं निघालं.

आता जाम झाल्याची गोष्ट. ही मशीनं दोन प्रकारची असतात, टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक. फोर स्ट्रोकमध्ये पेट्रोल टाकीत साधंच घालायचं, इंजिनचं ऑईल वेगळ्या जागी. टू स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, कारण आतल्या पिस्टनला तेल मिळायची दुसरी वाटच नसते. आमचं टू स्ट्रोक होतं. एका सकाळी घाईत कुणीतरी स्कूटरसाठी आणलेलं साधं पेट्रोल टाकीत ओतलं. अर्धा तास मशीन छान चाललं, नेहमीपेक्षा जोरातच वाटत होतं, आणि मग एकदम कचकन थांबलं. दोरी हलेना. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदलावे लागले, आणि मशीनच्या जवळपास निम्म्या किमतीचा खर्च आला. गटाच्या बैठकीत त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन वेगळा, त्याला लाल फडकं बांधलेलं. त्यातलंच मशीनला जातं. ऑईल किती, ते मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घ्या. ऑईल टू स्ट्रोकचंच हवं. आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका, लहान पोर तहानलेलं असतं.

आपल्या दमट हवेत पेट्रोल टिकत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मशीन महिनाभर टाकीत पेट्रोल ठेवून बाजूला ठेवलं की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो आणि पुढच्या वेळी ओढून ओढून खांदा जातो. म्हणून पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिसळतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करतो, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे आत थेंब उरत नाही. ते काम उघड्यावर करा, खोलीत धूर कोंडला तर जीवावर बेतेल.

रोजची निगा फार नाही. काम झालं, मशीन थंड झालं की पात्याला चिकटलेलं गवत काढा. एअर फिल्टर झाकणाखाली असतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. तो गच्च झाला की मशीन धूर सोडतं आणि ताकद कमी होते. दुरुस्तीला नेण्याआधी तो बघा. प्लग काढून काजळी पुसा. दांड्याच्या टोकाला गिअरचा डबा असतो, त्याला स्क्रू असतो; वीस-पंचवीस तास काम झालं की तिथून ग्रीस भरा. पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो. आम्ही दोघी पान्याला लोंबकळलो होतो, आणि तो आणखी घट्ट होत होता.

पातं कुठलं लावायचं? अंगणात, गडग्याजवळ, दगडाजवळ नायलॉनची दोरी. ती वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवली की कमी तुटते. जाड रानाला, बागेतल्या बेणणीला तीन दातांचं लोखंडी पातं. काजूच्या, आंब्याच्या लहान रोपांच्या बुंध्याशी मात्र दोन्ही नकोत. सालीला वळसा बसला की रोप मरतं. बुंध्याभोवती वीतभर विळ्यानेच काढा, आणि कापलेलं गवत तिथेच आच्छादन म्हणून पसरा.

सगळ्यात जास्त भीती फिरत्या पात्याची नाही, उडणाऱ्या खड्याची. आमच्या एका मैत्रिणीच्या नडगीला खडा लागला, साडीतून आत गेला, टाके पडले. ती मशीन चालवत नव्हती, बाजूला गवत गोळा करत होती. आता नियम केलाय. मशीन सुरू असेतो पन्नास फुटांत कुणी नाही, पोर नाही, गुरू नाही. चालवणारीने गमबूट, डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. गमबुटामुळे लेप्टोच्या पाण्यापासूनही पाय वाचतात. साडीवर चालवू नये. आम्ही सलवार नाहीतर मुलाची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. पहिले चार दिवस गाव हसलं, मग हसणाऱ्यांच्याच सुना विचारायला आल्या. उजवीकडून डावीकडे झोका द्या, म्हणजे कापलेलं गवत कापलेल्या बाजूला पडतं. पात्याचा पुढचा उजवा भाग दगडाला किंवा खोडाला लागला की मशीन झटक्याने उलट येतं, तिकडे लक्ष असू द्या.

आणि एक बोलायची लाज वाटते ते. अर्ध्या तासाने मशीन दुसरीच्या हाती द्या. थरथरीने बोटांना मुंग्या येतात, खांदा अवघडतो. पोटुशी असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, कंबर धरलेली असेल, तिने हे वजन उचलू नये. ती पेट्रोलचा हिशोब बघेल. आमच्याकडे तेच होतं. वहीत तारीख, कोणाच्या परड्यात, किती तास, किती पेट्रोल, कोण चालवणारी. तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. एका आठवड्यात ते एकदम लिटरवर गेलं, तेव्हा वहीमुळेच कळलं, आणि बघितलं तर फिल्टर गच्च भरलेला होता.