कसुती : मोजून घातलेला टाका

आम्हा डॉक्टरांना टाका परका नाही. जखम सांधणारा टाका आपण रोज पाहतो. वस्त्र सजविणारा टाका मात्र बेळगाव-धारवाड परिसरातील कसुतीने जपला. इरकली लुगड्यांवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती, मोर असे आकृतिबंध तिने फुलविले.

या कलेत कापडावर आधी रेखाटन करीत नाहीत, दोऱ्याला गाठही मारीत नाहीत. कापडाचे धागे मोजूनच सुई चालते. टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी. गवंतीत जाताना एकाआड एक जागा मोकळी सोडतात आणि परतताना ती भरतात. म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मोजणीत एक धागा चुकला, तरी परतीची वाट जुळत नाही. मुर्गी जिन्यासारखी चढते, नेगी विणीसारखी भासते, तर मेंथी म्हणजे फुलीचा टाका.

दवाखाना आटोपल्यावर अर्धा तास मी कसुतीला देते. मोजणी चालू असताना दुसरा विचार शिरतच नाही. मनाला विसावा मिळतो. यंत्रावरील नक्कल स्वस्त असते, पण गवंतीची उलटी बाजू पाहताच हाताचे काम ओळखता येते. धागे मोजणारे हात घरोघरी असतील, तोवरच ही कला टिकेल. जाणत्या आजी-मावशींकडून आपणही एक टाका तरी शिकून घ्यावा, ही विनंती.