जवळची वाट आणि पळवाट

पार्सल ही वस्तू दिसावयास अगदी साधी. कापडात शिवलेले किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधलेले एक गाठोडे, त्यावर एक पत्ता आणि आत कोणासाठी तरी काढून ठेवलेली वस्तू. त्यात कोणाचे औषध असते, कोणाचा चष्मा, कोणाची शाळेची पुस्तके, तर कोणा शेतकऱ्याच्या पंपाचा सुटा भाग. पाठवणारा एका गावी असतो आणि घेणारा दुसऱ्या गावी. या दोघांच्या मध्ये जी माणसे उभी असतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना दोघांनीही कधी पाहिलेले नसते. असे असूनही पाठवणारा निश्चिंत मनाने आपले पार्सल परक्या हाती सोपवतो. ही निश्चिंती कशावर उभी आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुण्याहून मुंबईस निघालेले एखादे पार्सल घ्या. पुण्याच्या टपालघरात प्रथम त्याचे वजन होते, हशील आकारले जाते आणि पाठवणाऱ्यास पावती मिळते. पार्सलावर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक पट्टी चिकटवली जाते. स्पीड पोस्टाच्या पट्टीवर तेरा चिन्हे असतात. आरंभी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची खूण सांगणारी दोन अक्षरे. ही पट्टी म्हणजे पार्सलाचे नावच होय. वर्गवारीच्या जागी, गाडीत चढवताना, मुंबईस उतरवताना, जेथे जेथे ते हात बदलते तेथे तेथे यंत्र ही पट्टी वाचते आणि नोंद करते. शेवटी ते विभागाच्या टपालघरात पोचते व तेथून पोस्टमन ते घेऊन बाहेर पडतो. खाजगी कंपन्यांची पार्सलेही थोड्याफार फरकाने अशाच रीतीने प्रवास करतात.

येथवरच्या प्रवासात अनेक माणसे एकमेकांच्या नजरेसमोर काम करतात. एकाने चूक केली, तर दुसऱ्याच्या ध्यानात येते. परंतु टपालघराच्या पायरीपासून घराच्या दारापर्यंतचा जो शेवटचा टप्पा असतो, तो एकट्या माणसाने चालावयाचा असतो. या टप्प्याला बटवडा म्हणतात. बटवडा करणारा जिना चढला की खालूनच परतला, दार वाजवले की नाही, हे पाहणारा वरिष्ठ तेथे नसतो. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण या ठिकाणी जितकी लागू पडते, तितकी क्वचितच कोठे पडत असेल.

तरीही आपल्या देशात या एकट्या माणसावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला. १८५४ साली भारताच्या टपालखात्याची नव्याने उभारणी झाली, तेव्हा आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. पुष्कळशा मुलखात टपाल पायीच जाई. खांद्यावर थैली आणि हातात घुंगरू लावलेला भाला घेतलेले हरकारे रानावनांतून धावत व ठरलेल्या टप्प्यावर आपली थैली पुढच्या माणसाच्या हवाली करीत. पुढे १८८० साली मनिऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे कोकणातील हजारो कामगार आपल्या पगारातील रक्कम मनिऑर्डरीने घरी पाठवीत. पोस्टमन अंगणात बसून रुपये मोजून देई, घरातील म्हातारीचा अंगठा घेई आणि मनिऑर्डरीबरोबर आलेला चार ओळींचा मजकूरही वाचून दाखवी. तिला अक्षरओळख नसे; पण मजकुरात जे आहे तेच पोस्टमन वाचतो, याबद्दल तिच्या मनात शंका नसे. हा विश्वास कोणत्याही फर्मानाने निर्माण झालेला नव्हता. हजारो साध्या माणसांनी रोजचे काम रोज नीट केले, त्याचे ते फळ होते.

आता कोणी म्हणेल, की कामात थोडी जवळची वाट शोधली, तर त्यात वावगे काय? खरोखर काहीच वावगे नाही. मराठी भाषेत ‘जवळची वाट’ आणि ‘पळवाट’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही वाटाच; परंतु त्यांतील भेद मोठा आहे. जवळची वाट मुक्कामाला लवकर पोचवते. पळवाट मुक्काम टाळते.

कुशल कामगार जवळची वाट नेहमीच शोधत असतो. पोस्टमन बाहेर पडण्यापूर्वी आपली पत्रे व पार्सले घरांच्या क्रमाने लावून घेतो, म्हणजे त्याच गल्लीत पुन्हा यावे लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झालेला पिनकोड हीदेखील एक उत्तम जवळची वाटच आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही योजना आखली. ते संस्कृतचे गाढे व्यासंगी होते. आपल्या देशात एकाच नावाची गावे पुष्कळ. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही नावे तर जागोजाग आढळतात. त्यातच पत्ते अनेक भाषांत लिहिलेले. सहा अंकांनी हा घोळ सोडवला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक नेमके टपालघर दाखवतात. ४११ पाहताच पुण्याची थैली उघडावी, हे वर्गवारी करणाऱ्यास तत्काळ कळते.

परदेशातील एक उदाहरणही मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेथे डावीकडे वळावयाचे झाले, तर समोरची वाहने ओसरेपर्यंत चौकात खोळंबावे लागते. १९०७ साली सिअ‍ॅटल शहरात सुरू झालेल्या आणि पुढे युनायटेड पार्सल सर्व्हिस या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने आपल्या गाड्यांचे मार्ग शक्य तितकी डावी वळणे टाळून आखण्याचा प्रघात पाडला. त्यामुळे काही वेळा अंतर थोडे वाढते. परंतु गाडी चौकात नुसती उभी राहत नाही, इंधन वाचते आणि अपघाताचे भयही कमी होते. सर्वांत आखूड रस्ता हाच सर्वांत चांगला असतो असे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते. या सर्व युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. पार्सल ज्याचे त्याला पोचते आणि कोणापासून काही लपवावे लागत नाही.

पळवाटेचे तसे नसते. वरच्या मजल्यावर जाण्याचा कंटाळा आला, म्हणून बटवडा करणारा खालीच थांबतो आणि ‘दार बंद होते’ अशी नोंद करून मोकळा होतो. कोणी पार्सल कुंपणावरून आत भिरकावतो. कोणी ते विचारल्याशिवाय शेजारच्या दुकानात ठेवून निघून जातो. कोणी ‘नाजूक वस्तू’ ही सूचना वाचूनही त्या खोक्यावर जड पेट्या रचतो. वेळ वाचावा म्हणून कोणी एकेरी रस्त्यावर उलट दिशेने दुचाकी दामटतो आणि स्वतःचा व पादचाऱ्यांचा जीव धोक्यात घालतो. अलीकडे पार्सल हाती पडल्याची खूण म्हणून घेणाऱ्याच्या दूरध्वनीवर काही अंक येतात. ते अंक पार्सल हातात दिल्यावर विचारावयाचे असतात. परंतु कधी कधी ते आधीच विचारून घेतले जातात आणि पार्सल मात्र दुसऱ्या दिवशी येते. मराठीत अशा कामाला ‘पाट्या टाकणे’ म्हणतात.

यांपैकी काही पळवाटांनी वस्तू फुटते, काहींनी उशीर होतो. पण सर्वांत घातक कोणती, असा प्रश्न केला, तर खोटी नोंद हेच उत्तर द्यावे लागेल. ते का, हे पाहण्यासाठी मघाच्या पार्सलाकडे परत वळू. समजा, त्यात डोळ्यांत घालावयाचे औषध आहे. पुण्याच्या मुलाने ते मुंबईच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आईसाठी पाठवले आहे. जुनी बाटली संपत आली आहे आणि औषधात खंड पडू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आई सकाळपासून दाराशी बसून आहे. बटवडा करणारा खालूनच परत जातो आणि नोंद होते, ‘दार बंद होते’. संध्याकाळी मुलगा ती नोंद वाचतो व आईला विचारतो, “तू कोठे बाहेर गेली होतीस का?” आई म्हणते, “मी दारातून हललेसुद्धा नाही रे!” आता मुलाने कोणाचे खरे मानावे? यंत्रातील नोंद एक सांगते, आई दुसरे सांगते. एका माणसाने तीन जिने वाचवले आणि खोटेपणाचा संशय मात्र दिवसभर वाट पाहणाऱ्या वृद्धेवर आला. उशीर झालेले पार्सल उद्या येऊ शकते. खोटी नोंद मात्र आपला दोष निरपराध माणसाच्या माथी मारते.

हा भेद आपल्याकडील कायदा करणारांनी फार पूर्वी ओळखला होता. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात टपालाची ने-आण किंवा बटवडा करताना हयगय केली, रेंगाळून उशीर लावला, तर ५० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. परंतु जेथे गेलो नाही तेथे गेलो असे, किंवा जे पोचवले नाही ते पोचवले असे भासवण्यासाठी नोंदवहीत खोटी नोंद केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. आळसाला दंड आणि असत्याला तुरुंग, असा तो विचार होता. तो कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला आहे. तथापि जुन्या कायद्याने दाखवलेला भेद आजही तितकाच खरा आहे.

मात्र सगळा दोष बटवडा करणाऱ्याच्या पदरी टाकून स्वस्थ बसणे न्यायाचे होणार नाही. भर उन्हात किंवा मुसळधार पावसात तो दिवसभर फिरत असतो. पाठीवर ओझे, हातात यादी आणि डोक्यावर घड्याळ अशी त्याची अवस्था असते. खाजगी कंपन्यांतील पुष्कळांना ठरीव पगार नसतो. जितकी पार्सले पोचतील तितके पैसे मिळतात. दिवसात होणार नाही इतके काम वाटून द्यावयाचे, एकही पार्सल राहता कामा नये असे बजावायचे आणि मग नोंदी खऱ्या याव्यात अशी अपेक्षा करावयाची, हे विसंगत आहे. जो कारभारी खरे कारण ऐकून घेत नाही, तो खोट्या कारणाला आपणहून आमंत्रण देतो. अशा कामगारांचा उल्लेख २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याने संरक्षण मिळणे आवश्यकच आहे. पण कामाचे माप माणसाच्या शक्तीप्रमाणे ठरवणे हे मालकाचे रोजचे कर्तव्य आहे.

घेणाऱ्यांचीही काही कर्तव्ये असतात. पत्ता अपुरा लिहावयाचा, घरावर क्रमांक लावावयाचा नाही, दूरध्वनी वाजला तरी उचलावयाचा नाही आणि पार्सल आले नाही म्हणून कटकट करावयाची, हे शोभत नाही. काही इमारतींत पार्सल आणणाऱ्यास उद्‌वाहनाने वर जाऊ देत नाहीत. जो आपले ओझे वाहून आणतो, त्याला जिना चढावयास लावणे हा माणुसकीचा व्यवहार नव्हे. पूर्ण पत्ता, अचूक पिनकोड, जवळची एखादी ठळक खूण आणि दारी आलेल्या माणसाला विचारलेले पाणी, एवढ्याने त्याची अर्धी वाट सोपी होते.

एवढे सर्व मान्य करूनही एक गोष्ट शेवटी बटवडा करणाऱ्याच्याच हाती राहते, ती म्हणजे नोंद. सूर्य मावळला, अंग थकले आणि पाच पार्सले उरली, असे प्रामाणिक माणसाच्याही वाट्यास येते. त्या वेळी त्याने अशक्य ते करून दाखवावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्याने इतकेच लिहावे, ‘आज वेळ अपुरा पडला, उद्या जाईन.’ या सहा शब्दांमुळे त्याला कदाचित बोलणी खावी लागतील. परंतु पुण्याच्या मुलाला खरे काय ते कळेल व रात्री दुकान बंद होण्यापूर्वी तो शेजाऱ्यांकरवी आईसाठी औषधाची दुसरी बाटली आणवू शकेल. कारभाऱ्यालाही कळेल, की या भागात एका माणसाचे काम नाही, दोघे नेमले पाहिजेत. खऱ्या नोंदीने उणीव उघडी पडते, म्हणूनच ती भरून काढता येते. खोट्या नोंदीने सर्व काही ठीक दिसते आणि उणीव तशीच राहते.

हे केवळ पार्सलांपुरते खरे नाही. धरणाच्या पाण्याची पातळी लिहिणारा, रुग्णाचा ताप टिपून ठेवणारी परिचारिका, आगगाडीचे रूळ तपासत पायी फिरणारा कामगार, हे सर्व एकट्यानेच काम करतात आणि त्यांच्या नोंदींवर विसंबून असंख्य लोक निर्धास्त राहतात. जवळची वाट त्यांनीही अवश्य शोधावी. तीत बुद्धीचे तेज आहे. परंतु वाट शोधून झाली, की तिसऱ्या मजल्याचे जिने चढून दार वाजवावेच लागते. आणि ज्या दिवशी ते जमले नाही, त्या दिवशी ‘जमले नाही’ असे लिहिण्याचे धैर्य अंगी असावे लागते.