बाळाचा श्वास ऐकायला शिका

तान्हे बाळ झोपेत घुरघुरू लागले, की घरातील आजी म्हणते, "छाती भरलीय." पुष्कळदा तो आवाज नुसत्या चोंदलेल्या नाकाचा असतो. पण काही आवाज असे असतात, की ते ऐकल्यावर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे प्रथम पाहावे. श्वास घेताना कर्कश आवाज आणि कुत्रा भुंकल्यासारखा खोकला असेल, तर सूज स्वरयंत्रापाशी असते. हा त्रास बहुधा रात्री बळावतो. अशा मुलाला जबरदस्तीने आडवे करू नये, घशात चमचा घालून पाहू नये. रडण्याने श्वास आणखी कोंडतो. कडेवर घेऊनच दवाखाना गाठावा. श्वास सोडताना शिट्टी वाजत असेल, तर छातीतील बारीक नळ्या आवळलेल्या असतात. दम्यात ऐकू येतो तो हाच आवाज. दर श्वासाला कण्हणे हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते.

मूल शांत असताना अंगातले कपडे वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे वेग जास्त; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळे पडणे, दूध न ओढणे, लाळ गळणे, ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब 108 ला फोन करावा. पोटावर डागण्या देऊ नयेत. त्यात मौल्यवान वेळ जातो आणि बाळाला जखम होते ती वेगळीच.

शेंगदाणा, फुटाणा अडकला आणि मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीत 5 थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध 5 दाब द्यावेत. मोठ्या मुलाला पाठीत 5 थापा, नंतर मागून कवळून बेंबीच्या वर 5 झटके द्यावेत. अडकलेले निघेपर्यंत हे चालू ठेवावे. मूल बेशुद्ध पडल्यास जमिनीवर निजवून छातीवर दाब व तोंडाने श्वास देणे सुरू करावे. न दिसणारा दाणा बोटाने चाचपू नये, तो आणखी आत जातो.

ठसका थांबला म्हणजे दाणा गेला, असेही समजू नये. तो फुप्फुसाच्या नळीत बसला, की मूल काही काळ शांत होते आणि मग खोकला हटता हटत नाही. डॉक्टरांना दाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. तसेच धापा टाकणारे मूल एकाएकी निपचित पडले, तर ते बरे झालेले नसते, थकलेले असते.